सर्व काही जोडलेले आहे, तर नेमके कशाने?

धागाकर्ता : खाडीकाठ (कोपरी, ठाणे पूर्व)

प्रवचनांत, आरोग्यावरच्या व्याख्यानांत आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक वाक्य सतत कानावर पडते : 'विश्वात सर्व काही एकमेकांशी जोडलेले आहे.' मला ते खोटे वाटत नाही. मात्र ते ऐकून माणसे मान डोलावतात आणि तेथेच थांबतात, कशाशी काय आणि कशाने जोडलेले आहे हे कोणी विचारत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. म्हणून हा धागा काढत आहे.

आमच्या इमारतीपासून चेंदणी कोळीवाडा चालत दहा मिनिटांवर आहे. तेथील एका काकींकडून मी बरीच वर्षे मासळी घेतो. भरतीची वेळ त्यांना मोबाइल न पाहता कशी कळते, असे मी एकदा विचारले, तेव्हा त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. तिथीची पाऊणकी करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणकी सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. द्वादशी असेल तर नऊच्या सुमारास. मुंबईच्या किनाऱ्याला हा हिशेब ढोबळमानाने लागू पडतो. पाणी खाडीतून आत ठाण्यापर्यंत चढायला आणखी थोडा अवकाश लागतो, तो त्या अनुभवाने मिळवतात. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, त्याच्याबरोबर भरतीही पुढे सरकते आणि हे सरकणे रोज पाऊण तासाचे धरले की तोंडी हिशेबाला सोपे जाते. चंद्र आणि खाडी यांचे नाते काकींना असे आकड्यानिशी ठाऊक आहे, आणि त्या आकड्यावर त्यांच्या घरातील होडी पाण्यात जात आली आहे.

दुसरी गोष्ट याच खाडीतली. मागच्या हिवाळ्यात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून आम्ही होडीने खाडीत गेलो होतो. हा भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, हे येथील बहुतेकांना माहीत असेलच. नावाड्याने इंजिन बंद केल्यावर होडी पाण्याच्या ओढीने हळूहळू चिखलाच्या काठाकडे सरकत राहिली आणि आम्ही पक्ष्यांच्या बरेच जवळ पोहोचलो. फ्लेमिंगो मान खाली घालून चोच उलटी धरतो, म्हणजे चोचीची वरची बाजू चिखलाकडे येते. मग जीभ भराभर मागेपुढे करून पाणी आत घेतो व बाहेर सोडतो, आणि चोचीच्या कडेच्या बारीक झालरीत शैवाल अडकून राहते. एका गडद गुलाबी पक्ष्याशेजारी राखाडी रंगाचे एक पोर नेमके तसेच चरत होते. त्याला अजून रंग चढायचा होता.

तो रंग पक्ष्याला स्वतः तयार करता येत नाही. नीलहरित शैवालासारख्या अन्नात असलेली कॅरोटिन वर्गातील रंगद्रव्ये पोटात जातात आणि पिसांत उतरतात. ते शैवाल माजायला नत्र आणि स्फुरद लागते, आणि आपल्या खाडीत त्याचा मोठा पुरवठा शहरांच्या सांडपाण्यातून होतो. म्हणजे मी सकाळी आंघोळ करून जे पाणी मोरीत सोडतो, ते नाल्याने किंवा प्रक्रिया केंद्रातून खाडीत जाते, त्यावर शैवाल वाढते आणि ते खाऊन पक्षी गुलाबी होतो. जो रंग मी आजवर फ्लेमिंगोचा स्वतःचा समजत होतो, त्यात ठाण्याच्या मोऱ्यांचाही वाटा आहे.

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनांनी इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या आसपास जे मांडले, ते मला त्या होडीत पहिल्यांदा डोळ्यांनी दिसल्यासारखे वाटले. मध्यमककारिकेच्या चोविसाव्या प्रकरणात ते म्हणतात, 'अप्रतीत्य समुत्पन्नो धर्मः कश्चिन्न विद्यते' : कशावरही अवलंबून न राहता उपजलेली अशी एकही गोष्ट नाही. वस्तूला तिचा म्हणून वेगळा, स्वयंपूर्ण 'स्वभाव' नसतो, ती हेतू आणि प्रत्यय, म्हणजे कारणे आणि साहाय्यक परिस्थिती, यांच्या आधाराने उभी असते. आणि या स्वभाव नसण्यालाच ते शून्यता म्हणतात. शून्यता म्हणजे काहीच नसणे असा अर्थ पुष्कळ जण घेतात, तो मला चुकीचा वाटतो. राखाडी पोराजवळ रंग नव्हता आणि म्हणूनच त्याला रंग चढू शकत होता.

माझे प्रश्न दोन आहेत. ही साखळी कोठे तोडावी? आणि ती कोठेच तोडता येत नसेल, तर 'सर्व सर्वांशी जोडलेले आहे' या वाक्याने मला काही नवीन कळते का? आणखी एक गोष्ट नोंदवतो, कारण ती मला टोचते. होडीतून आल्यावर मी काकींना आनंदाने पक्ष्यांचे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "पाखरं आली, पन म्हावरं गेलं." ज्या पाण्याने पक्षी पोसले, त्याच पाण्यात त्यांची मासळी घटली. जोडलेपण म्हणजे आपोआप काही मंगल असते, असे मला त्या दिवसापासून म्हणवत नाही.

---

प्रतिसाद : जुना_संस्कृतशिक्षक (नौपाडा)

धागा मनापासून आवडला, आणि प्रश्न योग्य जागी विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बौद्धांच्या बरोबरीने आपल्याकडे न्याय आणि वैशेषिक या दोन प्राचीन दर्शनांच्या पंडितांनी संबंध या विषयाचा जितका बारीक विचार केला, तितका फार थोड्यांनी केला असेल. त्यांची पहिली मागणी अशी, की संबंध आहे म्हणालात तर कोणता ते सांगा. कुंडात बोरे ठेवली, तर कुंड आणि बोरे यांच्यात संयोग आहे. बोरे काढून घेतली तरी कुंड कुंडच राहते. तंतू आणि वस्त्र यांच्यात समवाय आहे. तंतू काढून घेतले तर वस्त्र उरत नाही. 'सर्व जोडलेले आहे' असे म्हणणारा हे दोन्ही एकाच पोत्यात भरतो. माझे माझ्या श्वासाशी असलेले नाते आणि समोरच्या इमारतीतील अनोळखी माणसाशी असलेले नाते ही दोन्ही नातीच, परंतु एकाशिवाय मी काही मिनिटांत संपेन आणि दुसऱ्याशिवाय माझा दिवस नेहमीसारखा जाईल.

साखळी कोठे तोडावी, या प्रश्नालाही नैयायिकांकडे, म्हणजे न्याय दर्शनाच्या पंडितांकडे, उत्तर आहे आणि जे आधी असूनही कारण ठरत नाही, त्याला ते 'अन्यथासिद्ध' म्हणतात. घट, म्हणजे मातीचा घडा, तयार होण्यासाठी माती हवी, चाक हवे, ते फिरवायचा दंड हवा, कुंभार हवा, ही कारणे. परंतु कुंभाराचा बाप, किंवा माती ज्याच्या पाठीवरून आली ते गाढव, ही घटाची कारणे नव्हेत. ती घटाच्या आधी होती हे खरे, पण त्यांच्यावाचूनही घट सिद्ध होऊ शकतो, कारण माती गाडीतून येऊ शकली असती. कार्याच्या आधी असलेले सर्व काही कारण मानले, तर कारण या शब्दाला अर्थच उरणार नाही आणि वैद्याला रोगाचे, शेतकऱ्याला पिकाचे निदानच करता येणार नाही. तेव्हा तुमच्या आंघोळीचे पाणी हे फ्लेमिंगोच्या रंगाचे कारण म्हणण्यापूर्वी थांबावे. शैवाल हे कारण. पाणी तुमचे की शेजाऱ्याचे, हे अन्यथासिद्ध.

नागार्जुनांविषयी एक दुरुस्ती सुचवतो. प्रत्येक गोष्ट कशावर तरी अवलंबून आहे, असे ते म्हणतात. प्रत्येक गोष्ट प्रत्येक गोष्टीवर अवलंबून आहे, हे विधान त्याहून पुष्कळ मोठे आहे आणि ते पुढे चीनमधील ह्वायेन या बौद्ध परंपरेत फुलले. तेथे इंद्राच्या जाळ्याचा दृष्टान्त येतो : जाळ्याच्या प्रत्येक गाठीत एक रत्न, आणि प्रत्येक रत्नात इतर सर्व रत्नांचे प्रतिबिंब. दृष्टान्त अतिशय सुंदर आहे, पण सौंदर्यामुळे पुरावा आपोआप मिळत नाही.

---

प्रतिसाद : आकाशदर्शन (ऐरोली)

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडक्यात एवढेच. या वाक्याला विज्ञानाचा आधार देताना क्वांटम गुंतागुंतीचा, म्हणजे दूर गेलेल्या दोन कणांच्या मोजमापांत दिसणाऱ्या मेळाचा, दाखला हटकून दिला जातो. जॉन बेल यांनी 1964 मध्ये मांडलेल्या निकषावर झालेले प्रयोग भक्कम आहेत आणि त्यांसाठी आस्पे, क्लाउझर व झाइलिंगर यांना 2022 चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्या प्रयोगांत कण मुद्दाम काळजीपूर्वक जोडीने तयार करावे लागतात, भोवतालचा धक्का लागताच ती जोडी विस्कटते, आणि तिच्याद्वारे कोणताही संदेश पाठवता येत नाही. त्यावरून माझे मन दूरच्या माणसाच्या मनाशी जोडलेले आहे, असा निष्कर्ष निघत नाही.

उलट आपले शास्त्र विलगतेची एक स्पष्ट सीमा सांगते. कोणताही परिणाम प्रकाशापेक्षा वेगाने पोहोचत नाही. सूर्याचे या क्षणी काही झाले, तर पुढची सुमारे आठ मिनिटे आपल्याला त्याचा स्पर्शही होणार नाही. तेवढा काळ सूर्यावरची ती घटना आणि आपल्या येथील घटना एकमेकींपासून पूर्णपणे सुट्या आहेत. त्यामुळे 'सर्व' हा शब्द मी वापरणार नाही. चंद्राचे ओढणे मात्र खरे आहे आणि काकींची पाऊणकी मी उद्या वर्गात सांगणार आहे.

---

प्रतिसाद : पाणथळ_नेरूळ

खाडीला भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि हेच पक्षी आमच्याकडच्या तळ्यांवर विसाव्याला येतात. ओहोटी लागली की परत खाडीत. आमच्या परिसरातील एका तळ्यात समुद्राचे पाणी ज्या वाटेने येते ती वाट बुजली, तेव्हा तळे पुढे कोरडे पडत गेले आणि पक्षी तेथे उतरेनासे झाले. पाणी सोडल्यावर ते पुन्हा दिसू लागले. तळ्यासाठी धडपडणाऱ्या आम्हा रहिवाशांना न्यायशास्त्र माहीत नाही, पण त्या बुजलेल्या वाटेपाशी उभे राहिल्यावर कोणाला कोणावाचून चालत नाही हे समजायला वेळ लागला नाही.

---

प्रतिसाद : जुना_संस्कृतशिक्षक

पाणथळ_नेरूळ, आपण जे केलेत ते न्यायशास्त्रच आहे. ते असता हे असणे म्हणजे अन्वय, ते नसता हे नसणे म्हणजे व्यतिरेक. संबंध खरा आहे की नाही, हे ठरवण्याची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही. पाणी आले आणि पक्षी आले, एवढ्यावरून योगायोगाची शंका घेता आली असती. पाणी थांबले, पक्षी गेले आणि पाणी आल्यावर परतले, तेव्हा ती शंका फारशी उरत नाही. धागाकर्त्याच्या वाक्यातील प्रत्येक जोडणीला ही कसोटी लावावी आणि जी टिकेल तेवढीच ठेवावी, असे माझे मत आहे.

---

प्रतिसाद : शहापूरकर (सध्या कळवा)

गुरुजी, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. बरेच शिकायला मिळाले. परंतु एक गोष्ट मनाला लागली आणि ती स्पष्ट लिहितो.

खाडीकाठ यांनी साखळी आंघोळीच्या पाण्यापासून सुरू केली. ते पाणी मोरीत येण्यापूर्वी नळात येते आणि नळात येण्यापूर्वी कोठून तरी येते. ठाण्याला मिळणाऱ्या पाण्याचा मोठा भाग भातसा नदीतून उचललेला असतो. भातसा धरण आमच्या शहापूर तालुक्यात आहे. तानसा धरणही आमच्याच तालुक्यात आहे, आणि ते 1892 पासून मुंबईला पाणी देत आले आहे. महानगराची तहान भागवणाऱ्या या तालुक्यातील कित्येक गावपाड्यांना मार्च-एप्रिलपासून टँकरची वाट पाहावी लागते, हे दरवर्षी वर्तमानपत्रांत येते आणि पाऊस पडला की विसरले जाते. आमचा पाडा त्यांपैकीच एक. म्हणजे तुमच्या गुलाबी पक्ष्याच्या साखळीतील पहिली कडी येथे कोणालाही दिसली नाही.

आता गाढवाविषयी. माती गाडीतूनही येऊ शकली असती, म्हणून गाढव हे घटाचे कारण नव्हे, असे आपण म्हणालात. 'घट' या जातीविषयी हे खरे असेल. परंतु जो घट आत्ता आपल्या घरात आहे, त्याची माती गाडीतून आलेली नाही. ती त्या गाढवाच्या पाठीवरूनच आली आणि ओझे त्याच पाठीला लागले. पाणी दुसऱ्या धरणातूनही आणता आले असते, म्हणून शहापूर हे ठाण्याच्या आंघोळीच्या हिशेबात अन्यथासिद्ध, असे उद्या कोणी म्हणेल. आणि खरे सांगायचे तर आजवर तसेच म्हटले गेले आहे, फक्त त्याला एवढा चांगला शब्द नव्हता.

व्यतिरेकाची कसोटी मला पटली. ती लावून पाहू. जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी शहराचे पाणी चोवीस तास बंद राहिले, की आमच्या इमारतीत आदल्या रात्री पिंप, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवतात आणि गटावर दिवसभर धरणाची चर्चा होते. इतर दिवशी कोणाला भातसाचे नावही आठवत नाही. आणि आमच्या पाड्यातून ठाणे वजा केले, तर काय बदलेल, हेही विचारून पाहावे. जोडणी एकच आहे, पण तिच्या एका टोकाला नळ आहे आणि दुसऱ्या टोकाला तो नाही.

---

प्रतिसाद : खाडीकाठ

शहापूरकर, आपण म्हणता ती कडी मला दिसली नव्हती, हे कबूल करतो. मी खाडीकाठी राहतो, त्यामुळे पाणी कोठे जाते हे रोज पाहतो. ते कोठून येते हे पाहण्यासाठी मला कधी घराबाहेर पडावे लागले नाही.

आपल्या प्रतिसादामुळे माझ्या दुसऱ्या प्रश्नाचेही रूप पालटले आहे. 'सर्व सर्वांशी जोडलेले आहे' या वाक्याचा दोष ते अतिव्याप्त, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पसरट, आहे एवढाच आहे, असे मला वाटत होते. आता वाटते की त्यात दिशाच नाही, हा त्याहून मोठा दोष आहे. चंद्र खाडीला ओढतो, आणि खाडीने चंद्राला जेवढे ओढले तेवढे चंद्राच्या खिजगणतीतही नसते. काकींचे घर पाण्यावर अवलंबून आहे, पाणी काकींवर नाही. 'परस्परोपग्रहो जीवानाम्' हे तत्त्वार्थसूत्रातील वचन जैन परंपरेत फार आदराने उच्चारले जाते. जीव एकमेकांना उपकारक होतात, असा त्याचा साधारण अर्थ. आजवर मी ते वस्तुस्थितीचे वर्णन म्हणून वाचत होतो. शहापूर आणि ठाणे यांच्याकडे पाहिल्यावर त्यातील 'परस्पर' हा शब्द मला वर्णन वाटेनासा झाला आहे. ते अजून फेडायचे राहिलेले देणे वाटते.

ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या डोंगररांगेच्या पलीकडच्या अंगाला कान्हेरीची लेणी आहेत. तेथे शेकडो वर्षे बौद्ध भिक्षू राहिले. लेण्यांपाशी खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांना तेथील शिलालेखांत 'पोढी' म्हटले आहे, आणि कल्याणसारख्या व्यापारी गावांतील लोकांनी दिलेल्या दानाच्या नोंदी कोरलेल्या आहेत. पावसाचे पाणी खडकातील पन्हळींतून टाक्यांत उतरावे अशी योजना आजही पाहता येते. प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे सर्व काही कशाच्या तरी आधारानेच उपजते हे तत्त्व, शिकणारी माणसे ज्या टाक्यातले पाणी पीत होती, ते कोणी दिले हे त्यांच्या दाराशेजारी लिहिलेले होते. आपल्या नळावर असे काही लिहिलेले नसते.

---

प्रतिसाद : जुना_संस्कृतशिक्षक

शहापूरकर, आपला आक्षेप मी मान्य करतो, आणि तो शास्त्राच्या भाषेतही मांडता येतो. नैयायिक सामान्य घटाचे कारण शोधत होते, विशिष्ट घटाचे ऋण मोजत नव्हते. कारण कोणते आणि ऋण कोणाचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पहिल्याचे उत्तर देऊन मी दुसराही मिटल्यासारखे लिहिले. इतकी वर्षे हा दृष्टान्त मी वर्गात शिकवला, परंतु गाढवाच्या बाजूने उभे राहून तो कोणी मला वाचून दाखवला नव्हता.

तरीही एक विनंती आहे आणि ती आपण सद्भावनेनेच घ्याल अशी खात्री आहे. चेंदणीच्या काकींनी चंद्राच्या जोडणीला पाऊणकीचे माप दिले, म्हणून ती आम्हा सर्वांना पटली. आपल्या जोडणीचे असे माप आपण द्याल का? धरणाचे दशलक्ष लिटरचे आकडे छापून येतात, पण ते वाचून माझ्यासारख्याच्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही.

---

प्रतिसाद : शहापूरकर

देतो, गुरुजी.

आमच्या पाड्याच्या विहिरीत मे महिन्यात बादली बुडेल इतके पाणी नसते. तळाशी एका कोपऱ्यात झरा आहे, तेवढाच ओला राहतो. दिवसा गर्दी होते, म्हणून आई पहाटे तीनच्या सुमारास बॅटरी घेऊन उतरते, झऱ्याशी बसते आणि वाटीने पाणी हंड्यात भरते. आठ-दहा वाट्या झाल्या की थांबावे लागते, कारण पुन्हा झिरपायला वेळ लागतो; तेवढ्यात घाईने वाटी घातली तर गाळ येतो. मागच्या मे महिन्यात मी तिच्याबरोबर उतरलो होतो आणि वाट्या मोजल्या होत्या. एक हंडा भरायला त्र्याहत्तर वाट्या लागल्या. वर आलो तेव्हा उजाडले होते.